कवींची बिदागी आणि आपलं पानिपत

मराठी वाचकाला ‘खजाना-ए-आमिरा’ हे नाव भेटतं ते बहुतेक तळटीपेत. पानिपतावरचं किंवा निजाम-पेशवे संबंधांवरचं एखादं जाडजूड पुस्तक वाचत असता, पानाच्या तळाशी बारीक टायपात मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी हे नाव दिसतं, आणि नजर परत वर मजकुराकडे जाते. समकालीन फारसी साधन, एवढीच त्याची ओळख. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ला आणि हे पुस्तक लिहिलं गेलं हिजरी ११७६मध्ये, म्हणजे १७६२-६३ साली. इतिहासकाराला ते का हवंसं वाटतं हे सांगायलाच नको.

तळटीप एक गोष्ट मात्र सांगत नाही. हे कवींचं पुस्तक आहे. सुमारे १३५ फारसी कवी, जुने आणि नवे, वर्णानुक्रमाने लावलेले. प्रत्येकाचं थोडंसं चरित्र आणि मग निवडक शेर. त्यातही सगळे कवी नाहीत. ज्यांना कवितेबद्दल राजाकडून, वजिराकडून किंवा एखाद्या उमरावाकडून काही मिळालं, तेवढेच. फारसीत या मिळकतीला ‘सिला’ म्हणतात. आपल्याकडे कीर्तनकाराला, गवयाला, शाहिराला बिदागी मिळते, तसंच. पुस्तकाचं नाव तिथूनच आलं आहे: खजाना म्हणजे आपला खजिनाच, आणि ‘खजाना-ए-आमिरा’ म्हणजे सरकारी, भरलेला खजिना. कवितेच्या पुस्तकाला तिजोरीचं नाव देणारा हा माणूस औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) बसून लिहीत होता. बिदागी घेतलेल्या कवींच्या यादीत पानिपत काय करतंय, हा प्रश्न विचारला तर हे पुस्तक नीट वाचता येतं, असं मला वाटतं.

●

आधी या पुस्तकांच्या जातीबद्दल थोडं. अशा पुस्तकाला ‘तजकिरा’ म्हणतात. हिंदी गाण्यांमधून ओळखीचा असलेला ‘जिक्र’ हा शब्द आणि हा शब्द एकाच धातूतले: उल्लेख करणं, आठवण ठेवणं. फारसी कवींचा सर्वांत जुना उपलब्ध तजकिरा मुहम्मद औफी याचा ‘लुबाब-उल-अल्बाब’. तो इराणात लिहिला गेला नाही. १२२१च्या सुमारास सिंधमध्ये, नासिरुद्दीन कुबाचाच्या आश्रयाने लिहिला गेला. पुढे १४८७मध्ये दौलतशाह समरकंदीने आपला तजकिरा पुरा केला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आग्र्यात तकी औहदीने तीन हजारांवर कवी गोळा केले. १७४८मध्ये दिल्लीत वालिह दागिस्तानीने अडीच हजारांच्या आसपास. आकडे वाचून दम लागतो. इराणातून भारतात आलेले आणि भारतातच जन्मलेले लोक ही पुस्तकं इतक्या हट्टाने का लिहीत होते? एक कारण साधं आहे. फारसी ही इथे कुणाच्या घरची भाषा नव्हती, दरबाराची आणि दफ्तराची भाषा होती. अशा भाषेत ‘आपण’ कोण, हे सतत यादी करून सिद्ध करावं लागतं.

ही सगळी पुस्तकं हातांनी लिहिलेली होती. कातिब काळ्या शाईत मजकूर लिही आणि कवीचं नाव बरेचदा लाल शाईत, म्हणजे पान चाळताना नजर नेमकी तिथे अडकावी. पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायची रीत होती. पानं सुटी झाली, क्रम विस्कटला, तरी जुळवता यावीत म्हणून. समासात नंतरच्या वाचकांनी भर घातलेली असे. एखाद्याला एक कवी राहून गेलाय असं वाटलं की तो तिथेच घुसवला जाई. त्यामुळे एकाच तजकिऱ्याच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही.

आणि तारखा. तजकिरेकाराला कवी कधी मेला हे सांगायचं असतं, पण आकडा कोरडा असतो आणि नकलनवीस आकडे चुकवतो. म्हणून ‘अबजद’. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला किंमत आहे: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, असं करत शेवटी गैन १०००. एखादा शब्द किंवा वाक्य असं रचायचं की अक्षरांची बेरीज म्हणजे वर्ष. आझादच्याच नावावर करून बघू. ‘गुलाम’ची अक्षरं मिळून १०७१, ‘अली’ची ११०, ‘आझाद’ची १३. एकूण ११९४. आता नावाच्या आधी एक ‘आह’ ठेवा. अलिफ १ आणि हे ५, म्हणजे ६. बेरीज १२००. आझाद वारला ते वर्ष हिजरी १२००, म्हणजे इसवी १७८६. त्याच्या नावात एका उसाशाएवढीच जागा रिकामी होती. (मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून पाहायला हरकत नाही.)

●

आझादचा जन्म १७०४चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातल्या बिलग्राम गावचा. लहानसं गाव, पण विद्वानांचं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, मीर अब्दुल जलील बिलग्रामी हे मोठे पंडित. त्याच गावात व्रजभाषेत लिहिणारा रसलीनही झाला. आझादने नंतर आपल्या ‘सर्व-ए-आझाद’ या तजकिऱ्यात फारसी कवींच्या पाठोपाठ हिंदी कवींनाही जागा दिली, त्याचं मूळ या गावात आहे. फारसी कवींच्या पुस्तकात व्रजभाषेचे कवी, हे त्या काळात सहज होणारं काम नव्हतं.

तरुणपणी काही वर्षं तो सिंधमधल्या सेहवानला मामाच्या जागी सरकारी काम पाहत होता. तिथेच पहिला तजकिरा लिहिला. मग १७३७मध्ये, घरच्यांना न सांगता, हजला जायला पायीच निघाला. पैसे नव्हते. वाटेत माळव्यात निजाम-उल-मुल्क आसफजाहची छावणी लागली. ही तीच मोहीम, जिच्या शेवटी बाजीरावाने निजामाला भोपाळजवळ कोंडलं आणि जानेवारी १७३८मध्ये दुराई सराईचा तह करायला लावला. शाळेच्या पुस्तकात आपण ही लढाई बाणांच्या नकाशात पाहिलेली असते. त्या नकाशातल्या एका छावणीत खिसा रिकामा असलेला एक कवी उभा होता. आझादने निजामाच्या स्तुतीपर एक रुबाई म्हटली, प्रवासाची सोय झाली आणि तो सुरतेहून जहाजात बसला.

चार ओळी आणि मक्केचं भाडं. पुढे अनेक ठिकाणी आझाद अभिमानाने सांगतो की आपण कधी धनवंताची स्तुती केली नाही. अपवाद या एका रुबाईचा.

परत आला तो थेट दख्खनेत. औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आज आपण पाणचक्की म्हणून बघायला जातो तिथे, सुमारे सात वर्षं राहिला. मग निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी स्नेह जुळला. नासिरजंग त्याला मोठं पद देऊ करत होता. आझादने ते नाकारलं आणि दाखला दिला कुराणातल्या तालूतच्या नदीचा. तालूतने सैनिकांना बजावलेलं असतं की या नदीचं पाणी पिऊ नका, ओंजळभर घेतलं तर चालेल. दुनिया तशीच आहे, असं आझादचं म्हणणं: एक ओंजळ चालते, जास्त नाही. डिसेंबर १७५०मध्ये नासिरजंग जिंजीजवळ मारला गेला आणि प्रश्नच मिटला.

आता हा माणूस वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर पुस्तक लिहायला घेतो आणि विषय निवडतो: बिदागी. स्वतः ओंजळीच्या वर न घेणारा कवी, ज्यांच्या झोळ्या मोहरांनी भरल्या त्यांची यादी करतो. या विसंगतीशिवाय हे पुस्तक फक्त दरबारी गोष्टींचा संग्रह झालं असतं.

●

दरबारी गोष्टींना फारसीत तोटा नाही. शाहजहानच्या दरबारातल्या कलीमला चांदीने तोलल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. कुणाचं तोंड मोत्यांनी भरलं, कुणाला हत्ती मिळाला. पण या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी एक न मिळालेली बिदागी आहे, ती फिरदौसीची. बाराव्या शतकातला निजामी अरूजी ‘चहार मकाला’मध्ये ती सांगतो. शाहनामा पुरा झाला, गझनीच्या महमूदने अपेक्षेपेक्षा फारच कमी, तेही चांदीचे दिरहम पाठवले. फिरदौसी हमामात गेला, बाहेर येऊन सरबत प्यायला, आणि सगळी रक्कम हमामवाला आणि सरबतवाला यांच्यात वाटून टाकली. बऱ्याच वर्षांनी महमूदला उपरती झाली. साठ हजार दिनारांची नीळ उंटांवर लादून तूसला पाठवली. उंट एका वेशीतून आत शिरत होते आणि दुसऱ्या वेशीतून फिरदौसीची तिरडी बाहेर पडत होती. मुलीने ती नीळ घेतली नाही.

इतिहास म्हणून ही गोष्ट कितपत टिकते हा वेगळा प्रश्न. फारसी कवींच्या डोक्यात मात्र ती कायमची बसली, कारण ती एका कराराबद्दल बोलते. राजा कवीला पोसतो, कवी राजाला अमर करतो. दोघांपैकी कुणाची गरज मोठी? महमूदला आज जग मुख्यतः दोन कारणांनी ओळखतं, आणि त्यातलं एक म्हणजे त्याने एका कवीचे पैसे बुडवले.

आझादचं पुस्तक या कराराची वही आहे. आणि वही लिहिण्याची वेळ पाहा. १७६२ साली दिल्लीच्या तख्तावरचा बादशहा शाहआलम स्वतःच दिल्लीबाहेर भटकत होता. नादिरशाहने १७३९मध्ये मयूरासन उचलून नेलं होतं. दख्खनेत फेब्रुवारी १७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर दौलताबादचा किल्ला मराठ्यांकडे गेला होता, म्हणजे आझादच्या दारातच म्हणायचं. नंतर पानिपत. मग जून १७६१मध्ये नानासाहेब पेशवे गेले. कवीला चांदीने तोलणारी सगळी घराणी स्वतःच तराजूत होती. अशा वेळी ‘भरलेला खजिना’ या नावाचं पुस्तक लिहिणं यात उपरोध आहे की हुरहुर? दोन्ही असावं. आझाद उघडपणे रडगाणं गात नाही. तो नावं लिहितो, कुणी काय दिलं लिहितो, मृत्यूचं वर्ष लिहितो आणि पुढच्या अक्षराकडे जातो. मधूनच त्याला भान राहत नाही आणि निजामाचं घराणं, अवधचे नवाब, अहमदशाह अब्दाली, मराठे यांची लांबलचक कहाणी सुरू होते. कवितेची वाट सोडून पानंच्या पानं.

अभ्यासक या पानांना विषयांतर समजतात आणि नेमकी तेवढीच पानं उचलतात. मला ते विषयांतर वाटत नाही. देणाऱ्यांची यादी करायची तर देणारे कसे संपले हे सांगावंच लागणार.

●

इथे मराठी वाचकाला टोचणारा भाग येतो. तो टाळण्यात अर्थ नाही. आझाद मराठ्यांबद्दल कडवट लिहितो, आणि त्यातही पेशवाईतल्या कोकणस्थ ब्राह्मणांबद्दल जास्तच. त्याच्या तक्रारीचा आशय असा: या लोकांना इतर सगळ्यांच्या रोजीची दारं बंद करून ती आपल्याकडे ओढायची विलक्षण हाव आहे. राजेरजवाड्यांची जमीनदारी तर सोडाच, गावच्या पाटील-कुलकर्ण्यासारख्या लहान माणसांचं वतनही ते सोडत नाहीत. जुन्या वारसांना उपटून तिथे स्वतः बसतात.

यावर आपल्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. एक म्हणजे ‘निजामाच्या सावलीतला माणूस, दुसरं काय लिहिणार’. दुसरी म्हणजे आपल्या आजच्या भांडणात हत्यार म्हणून हे वाक्य सोशल मीडियावर फेकणं. पहिली प्रतिक्रिया अगदी चुकीची नाही. आझाद तटस्थ नव्हता, त्याचा स्नेह आणि आसरा दोन्ही निजामशाहीत होते. पण त्याचं आधीचं एक पुस्तक शेजारी ठेवलं की चित्र बदलतं.

‘मआसिर-उल-किराम’ हे बिलग्रामच्या संत आणि विद्वानांवरचं पुस्तक त्याने १७५२-५३मध्ये पुरं केलं होतं. त्यात अवधचा सुभेदार बुऱ्हान-उल-मुल्क याच्यावर जवळपास हाच आरोप आहे. त्याने जुन्या-नव्या घराण्यांच्या नेमणुका आणि इनामी जमिनी जप्त केल्या, विद्वानांवर पोटाची पाळी आणली, आणि पोरांनी पुस्तकं टाकून तलवारी धरल्या. बुऱ्हान-उल-मुल्क ना मराठा, ना ब्राह्मण. तो मुघल दरबारचा, इराणी वंशाचा, मुसलमान सरदार. आझाद दोघांनाही एकाच मापाने मोजतो: रोजी कुणी तोडली?

बिलग्रामसारखं गाव अशा इनामांवरच उभं होतं. बादशहाने शंभर-दोनशे बिघे लिहून द्यायचे, त्यावर मदरसा चालायचा, त्यातून आझादसारखी पोरं बाहेर पडायची. म्हणजे हा माणूस ‘खजाना’मध्ये कवितेबद्दल बोलो, पानिपताबद्दल बोलो की पाटीलकीबद्दल, एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहे. लिहिणाऱ्याचं घर कशावर चालतं? मराठ्यांवरचं ते वाक्य इतिहासाच्या पुस्तकात एकटं उचलून ठेवलं की द्वेषाचं वाटतं. कवींच्या बिदाग्यांच्या ओळीत, त्याच्या मूळ जागी, ते एका वर्गाच्या भीतीचं वाटतं. ज्या वर्गाची मिरास गेली त्याची ही भाषा आहे. ती न्याय्य आहे का? पूर्ण नाही. बिलग्रामच्या सय्यदांना इनाम मिळताना आधी त्या जमिनीवर कोण होतं, हे आझाद विचारत नाही. स्वतःची रोजी हक्काची आणि दुसऱ्याची हडपलेली, ही सवय जुनी आहे आणि कुठल्याही दरबारापुरती मर्यादित नाही.

●

आता एक योगायोग सांगतो. त्याच १७६२ साली, शके १६८४मध्ये, औरंगाबादेपासून चार-पाच दिवसांच्या चालीवर, राहुरीजवळच्या ताहराबादेत कवींच्या चरित्रांचं आणखी एक पुस्तक पुरं होत होतं. महीपतींचा ‘भक्तविजय’. ५७ अध्याय, ओवीत. नामदेव, ज्ञानदेव, जनाबाई, चोखामेळा, कबीर, नरसी मेहता, तुकाराम. नाभाजींच्या ‘भक्तमाल’चा आधार महीपती स्वतः सांगतात. आपण त्याला संतचरित्र म्हणतो, पण त्यातली किती माणसं कवी आहेत ते मोजा. कवींच्या आयुष्यांचा संग्रह, आधीच्या संग्रहांवर रचलेला: काम तजकिऱ्याचंच.

आणि दोन पुस्तकांचे हिशेब नेमके उलटे आहेत. आझादच्या पुस्तकात प्रवेश हवा तर राजाने काहीतरी दिलेलं असलं पाहिजे. महीपतींच्या पुस्तकात कवीची उंची कळते ती त्याने काय परत पाठवलं यावरून. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, हा प्रसंग महीपती रंगवून सांगतात. तिथे देणारा एकच, पंढरीचा, आणि तोही अनेकदा मजूर बनून येतो. जनाबाईचं दळण दळतो.

महीपती हे स्वतः गावचे कुलकर्णी. सरकारी बोलावण्यामुळे एकदा पूजेत विघ्न आलं, म्हणून यापुढे लेखणी दुसऱ्या चाकरीला लावायची नाही अशी शपथ त्यांनी घेतली, अशी आख्यायिका आहे. गंमत अशी की आझादनेही तेच केलं होतं. पद नाकारलं, तकियात राहिला, लेखणी हातात ठेवली. दोघंही एकाच उलथापालथीत कवींची चरित्रं लिहीत बसले. एकाने फारसीत, एकाने मराठीत. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं.

हे शेजारी ठेवल्यावर ‘खजाना’ची उणीव ठळक दिसते. आझादच्या चौकटीत जनाबाई बसूच शकत नाही, कारण तिला कुणी बिदागी दिली नाही. ज्या कवीला काहीच मिळालं नाही, ज्याने मागितलंच नाही, ज्याच्यापर्यंत दरबाराची बातमी पोचलीच नाही, तो या पुस्तकाच्या बाहेर. आझादला हे कळत नसेल असं नाही. त्याने याआधीच्या तजकिऱ्यांत अशा कवींना जागा दिली होती. पण या पुस्तकाचा नियम त्याने स्वतः निवडला आणि तो नियम हावरट आहे. शिवाय तो स्वतःलाही या पुस्तकात बसवतो, आपली हकिकत सांगतो. ओंजळभर घेतलेली असल्यामुळे त्याला तो हक्क आहे. एका रुबाईच्या जोरावर.

उलट बाजूनेही प्रश्न विचारता येतो आणि तो आपण क्वचित विचारतो. महीपतींच्या जगात पोटाचा प्रश्न देव सोडवतो, म्हणून कथेत तो फार वेळ टिकत नाही. धान्य येतं, कर्ज फिटतं. आझादच्या जगात देव रोजी देतो, पण कुणाच्या तरी सहीने. त्या सहीचं नाव, हुद्दा आणि साल तो लिहून ठेवतो. आज फ्रीलान्स लिहिणाऱ्या, मानधनाच्या मेलची वाट पाहणाऱ्या वाचकाला यातलं कोणतं पुस्तक जास्त ओळखीचं वाटेल, हे मी सांगायला नको.

●

हाताने लिहिलेल्या पुस्तकांचं नशीब कसं असतं, हे आझादला ऐकीव नव्हतं. औरंगाबादेत त्याचा जवळचा मित्र होता समसाम-उद-दौला शाहनवाजखान. निजामाच्या दरबारातला बडा मुत्सद्दी, आणि ‘मआसिर-उल-उमरा’ या मुघल सरदारांच्या चरित्रकोशाचा कर्ता. मे १७५८मध्ये दरबारी कारस्थानांत आणि फ्रेंचांशी चाललेल्या झगड्यात शाहनवाजखान मारला गेला. घर लुटलं गेलं. लुटीत हस्तलिखित गेलं. छापील प्रत, दुसरी प्रत, बॅकअप असला काही प्रकार नव्हता.

आझाद शोधत राहिला. सुमारे वर्षभराने विस्कटलेली, अपुरी पानं हाती लागली. त्याने ती लावली, गहाळ जागा शक्य तिथे भरल्या, प्रस्तावना लिहिली, आणि मित्राचं चरित्र जोडलं. पुढे शाहनवाजखानाचा मुलगा अब्दुल हय याने तो ग्रंथ १७८०पर्यंत वाढवून पुरा केला. आज मुघल सरदारांबद्दल कुणीही काही लिहितं तेव्हा हा ग्रंथ उघडतं. तो लुटीच्या ढिगातून परत आला आहे.

‘खजाना’ त्यानंतर चार-पाच वर्षांत लिहिला गेला. मित्राची पानं बाजारात शोधत हिंडलेल्या माणसाने दुसऱ्यांची आयुष्यं अर्ध्या-एका पानात, तारखेसकट, नकलनवीस चुकला तरी बेरजेवरून दुरुस्त होईल अशा रीतीने का लिहिली असतील, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मला त्याची गद्यशैली कधीकधी कोरडी वाटते, गावचा अभिमान जागोजागी डोकावतो, आणि स्वतःबद्दल तो जरा जास्तच बोलतो. पण साल चुकवायचं नाही ही त्याची काळजी मला अनेक रसाळ तजकिरेकारांच्या अलंकारांपेक्षा मोलाची वाटते.

शेर निवडण्यात मात्र या सगळ्या परंपरेची एक खोड आहे आणि आझादही तिला अपवाद नाही. गझल मोडून तिच्यातला एक शेर उचलायचा, कसीद्यातले चार उचलायचे. वाचकाला चटकन दाद द्यावीशी वाटेल असे. आपण स्टेटसला टाकतो तसे. एखादा कवी शतकानुशतकं अशा दोन शेरांपुरता उरतो आणि त्याची पूर्ण कविता कशी होती हे कुणाला माहीत नसतं. तजकिऱ्याने कवी वाचवला म्हणायचं की आक्रसला म्हणायचं?

●

आझादकडे औरंगाबादेत एक मुलगा शिकायला येत असे. लछमी नारायण. लाहोरकडून आलेल्या खत्री घराण्यातला, वडील मनसाराम निजामाच्या सेवेत. जन्म १७४५चा. उर्दूत तो ‘साहिब’ नावाने लिही, फारसीत ‘शफीक’. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे पानिपत नुकतंच होऊन गेलेलं असताना, त्याने ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हा रेख्त्याच्या, म्हणजे आपण आज उर्दू म्हणतो त्या भाषेच्या, कवींचा तजकिरा लिहिला. त्याच शहरात तेव्हा सिराज औरंगाबादी हयात होता. १७६७-६८मध्ये शफीकचा ‘गुल-ए-राना’ आला. त्याचा विषय हिंदुस्थानातले फारसी कवी, आणि रचना दोन भागांची: एक मुसलमान कवींचा, दुसरा हिंदू कवींचा.

ही विभागणी आज खटकते. गुरूच्या पुस्तकात ओळ लावायचा नियम अक्षराचा आणि बिदागीचा होता, शिष्याने धर्माचा लावला. पण तिचा एक परिणाम असा की फारसीत लिहिणारे कायस्थ, खत्री, ब्राह्मण एकत्र, नावानिशी, स्वतंत्र भाग भरेल इतक्या संख्येने डोळ्यांसमोर आले. तीन हजार नावांच्या ढिगात ते दिसले नसते.

आणि १७९९च्या सुमारास याच शफीकने ‘बिसात-उल-गनाइम’ लिहिलं, मराठ्यांचा इतिहास. पानिपतासाठी आपण तेही चाळतो. गुरूने कवींच्या वहीत लढाई लिहिली होती. शिष्याने कवींसाठी एक वही केली आणि मराठ्यांसाठी दुसरी. तोवर आझाद खुल्दाबादला, आवडत्या कवीच्या, अमीर हसन सिज्जीच्या कबरीजवळ, मातीत जाऊन तेरा वर्षं झाली होती.